अन्नपूर्णेची फेरी: निघालो पाच, खिंड ओलांडली चौघांनी, ‘पूर्ण झाली’ असे कोणी म्हणावे?

यवतेश्वरची पायवाट (सातारा) यांचा प्रश्न

नमस्कार. आम्ही साताऱ्याचे पाच मित्र आहोत. शाळेपासून एकत्र, आणि गेली दहा-अकरा वर्षे दर रविवारी पहाटे अजिंक्यतारा नाहीतर जरंडेश्वर चढण्यातही एकत्र. गेल्या ऑक्टोबरात दसरा झाल्यावर आम्ही नेपाळमधील अन्नपूर्णा पर्वतसमूहाभोवतीच्या पायी फेरीला निघालो. पुण्याहून गोरखपूरपर्यंत रेल्वे, सोनौलीची सीमा, पुढे बसने बेसीशहर, आणि भुलभुले या गावापासून पाठीवर प्रत्येकी बारा किलोंची सॅक घेऊन मर्स्यांगदी नदीच्या काठाने चाल, असा क्रम होता. भुलभुले साधारण ८४० मीटर उंचीवर आहे, म्हणजे आपल्या साताऱ्याहून फारसे उंच नाही. तेथून ५,४१६ मीटरच्या थोरोंग खिंडीपर्यंत चढायचे आणि पलीकडे मुक्तिनाथला उतरायचे होते.

चामे (२,६७० मीटर), वरचे पिसांग (३,३०० मीटर) आणि मनांग (३,५४० मीटर) असे मुक्काम ठरल्याप्रमाणे झाले. सीमेवर बस चुकल्यामुळे एक दिवस आधीच वाया गेला होता, म्हणून मनांगचा विश्रांतीचा दिवस आम्ही गाळला आणि सरळ याक खर्का (४,०५० मीटर) गाठले. त्या रात्री आमच्यातल्या एकाचे डोके असह्य दुखू लागले. रात्रीचा दालभात त्याने तसाच ठेवला, दोनदा उलटी झाली, आणि सकाळी बुटाची नाडी बांधायला वाकला असता तोल जाऊन तो भिंतीला टेकला. विशेष म्हणजे हा आमच्यातला सर्वांत तयारीचा गडी आहे. यवतेश्वर घाटातली अर्धमॅरेथॉन तो दरवर्षी धावतो आणि अजिंक्यताऱ्यावर आम्हां चौघांची वाट पाहत बसलेला असतो. त्याला आम्ही एका हमालाबरोबर मनांगला उतरवले आणि आम्ही चौघे पुढे गेलो. तिसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला आम्ही खिंडीत पोहोचलो. साताऱ्याहून कंदी पेढ्यांचा डबा खास त्या क्षणासाठी नेला होता. थंडीने पेढे इतके कडक झाले होते की गालात धरून विरघळवावे लागले. पाचवा पेढा कागदात गुंडाळून आम्ही पोखऱ्याला त्याच्यासाठी नेला. त्याने तो घेतला, पण खाल्ला नाही.

मुक्तिनाथहून आम्ही जीपने पोखऱ्याला आलो. सुट्टी संपली होती आणि गुडघेही. आता येथे परतल्यावर आमच्या गल्लीतल्या तरुण मंडळाने ‘अन्नपूर्णा प्रदक्षिणा यशस्वी’ असा पाचही जणांची छायाचित्रे असलेला फ्लेक्स करायला घेतला आहे. मित्राने आपले छायाचित्र काढून टाकायला सांगितले, आणि त्याने तसे म्हटल्यावर आम्हां चौघांनाही प्रश्न पडला आहे की आमची तरी फेरी पूर्ण झाली का. जोमसोमच्या खालची काली गंडकीची संपूर्ण वाट आम्ही जीपमध्ये डुलक्या घेत पाहिली. जाणकारांनी सांगावे: ही प्रदक्षिणा पूर्ण झाली असे म्हणता येईल का, आणि नसेल तर ती पूर्ण करायची कशी?

हरिपूरचा वाटसरू (सांगली)

आपला प्रश्न वाचून मी नकाशा पुढे घेऊन बसलो. पहिली गोष्ट अशी की ही वाट मुळात पूर्ण वर्तुळ नाहीच. बेसीशहरच्या बाजूने वर जाणारी मर्स्यांगदीची वाट आणि मुक्तिनाथहून खाली नयापूलपर्यंत येणारी काली गंडकीची वाट यांची खालची टोके एकमेकांना मिळत नाहीत. मधले अंतर सगळेच जण पोखऱ्यामार्गे बसने भरून काढतात, म्हणजे जो अगदी प्रत्येक पाऊल चालला असे सांगतो त्याच्याही पायांखालचा आकार घोड्याच्या नालाचाच असतो.

दुसरी गोष्ट जरा गमतीची आहे. प्रदक्षिणा म्हणजे देव उजव्या हाताला ठेवून चालणे. तुम्ही पूर्वेकडून उत्तरेला आणि उत्तरेकडून पश्चिमेला गेलात, म्हणजे अख्खा पर्वत तुमच्या डाव्या हाताला होता; शास्त्राच्या भाषेत ही उलटी फेरी झाली. याला तुमचा दोष नाही, बहुतेक सर्व जण अशीच जातात, आणि कारण निव्वळ चढाचे आहे. पूर्वेकडून खिंडीच्या अलीकडे थोरोंग फेदी सुमारे ४,४५० मीटरवर आहे, आणि त्याहून वरही मुक्कामाची सोय आहे. पश्चिमेकडून मात्र सुमारे ३,७०० मीटरवरच्या मुक्तिनाथपासून एका दिवसात सोळाशे मीटरहून अधिक चढावे लागते. याच वाटेवरच्या गावागावांत ज्या मणी-भिंती, म्हणजे मंत्र कोरलेल्या दगडांच्या भिंती, लागतात, त्या मात्र तुम्ही उजव्या हाताला ठेवूनच ओलांडल्या असतील, कारण तेथील बौद्धांचा तसा रिवाज आहे आणि वाटाडे तसे बजावतात. पर्वताभोवती उलटे आणि प्रत्येक भिंतीभोवती सुलटे, असा हा प्रवास आहे.

आता तुमच्या मित्राविषयी. आमच्या हरिपूरला कृष्णा आणि वारणा यांच्या संगमावर संगमेश्वराचे देऊळ आहे, तेथे लहानपणी आजीने मला एकदा हाताला धरून मागे ओढले होते, कारण मी गाभाऱ्याभोवती पूर्ण चक्कर मारायला निघालो होतो. शंकराची प्रदक्षिणा सोमसूत्री असते. अभिषेकाचे पाणी ज्या पन्हळीतून बाहेर पडते ते सोमसूत्र ओलांडायचे नाही. एका बाजूने तेथपर्यंत जायचे, आल्या वाटेने परतायचे, मग दुसऱ्या बाजूने पन्हळीच्या पलीकडच्या अंगापर्यंत जायचे आणि पुन्हा परतायचे, की झाली प्रदक्षिणा पूर्ण. तुमचा मित्र एका बाजूने याक खर्क्यापर्यंत गेला आणि त्याच वाटेने परतला. त्याची निम्मी सोमसूत्री झालेली आहे. त्याने आता दुसऱ्या बाजूने, काली गंडकीच्या काठाने, मुक्तिनाथपर्यंत चालत जावे आणि परत यावे. आणि मुक्तिनाथला तर देवळामागे १०८ धारांतून पाणी पडत असते, पन्हळ शोधत फिरण्याचीही गरज नाही. या हिशेबाने पाहिले तर पन्हळ ओलांडण्याचा प्रमाद तुम्हां चौघांचा आहे, त्याचा नव्हे. मुक्तिनाथ हे विष्णूचे स्थान आहे, हे मला ठाऊक आहे. वाद घालायचा असेल त्यांनी खुशाल घालावा.

वाईचे आजोबा

फ्लेक्स लावू नका. चौघांचाही नको आणि पाचांचाही नको. मंडळाच्या पोरांना त्या पैशांत दोन चांगले दोर घेऊन द्या.

भूलतज्ज्ञ, मिरज

प्रदक्षिणेच्या शास्त्रात मला गती नाही, परंतु प्रश्नातील दोन वाक्यांवरून नजर हलेना म्हणून लिहितो. डोकेदुखी, उलट्या आणि अन्नावरची वासना उडणे ही विरळ हवेच्या आजाराची नेहमीची लक्षणे आहेत. पण नाडी बांधताना तोल जाणे हे लक्षण त्यापुढचे आहे. त्यातून मेंदूला सूज येऊ लागल्याची शंका घ्यावी लागते आणि अशा माणसाला ताबडतोब खाली उतरवावे लागते. तुम्ही उतरवले, हे योग्य केले. मात्र अशा माणसाबरोबर त्याच्या ओळखीचे, त्याची भाषा बोलणारे कोणी तरी असावे, कारण त्याचे बोलणे असंबद्ध होऊ लागले आहे हे अनोळखी हमालाला कळणार कसे? आपल्या मित्राचे मराठी अडखळते आहे की तो नेहमीच तसा बोलतो, हे फक्त तुम्हालाच कळले असते.

अंगात दम असणे आणि उंची सोसणे यांचा एकमेकांशी फारसा संबंध नाही. ५,४०० मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळजवळ निम्मा असतो, आणि त्या हवेशी जुळवून घ्यायला शरीराला दिवस लागतात, ते घाट धावून वाचवता येत नाहीत. उलट तयारीचा माणूस भरभर चढतो आणि म्हणूनच अनेकदा आधी सापडतो. तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची उंची एका रात्रीत पाचशे मीटरहून अधिक वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर थांबावे, हा सर्वमान्य संकेत आहे. तुम्ही चाम्यानंतरच्या तीन रात्रींत १,३८० मीटर चढलात, आणि जो दिवस गाळलात तो नेमका थांबण्याचा होता. सह्याद्रीत कितीही सराव केला तरी ही उणीव भरून निघत नाही, कारण आपली सर्वांत उंच कळसूबाईच मुळी १,६४६ मीटरची आहे.

एक विचारू का? मनांगला हिमालयन रेस्क्यू असोसिएशनचा दवाखाना आहे आणि हंगामात तेथे डॉक्टर असतात. तुमच्या मित्राला तेथे दाखवले का, आणि तेथे काय सांगितले गेले?

यवतेश्वरची पायवाट (सातारा)

डॉक्टरसाहेब, प्रश्न लिहिताना मी जे टाळले तेच आपण विचारलेत. दाखवले होते. मनांगला उतरल्यावर संध्याकाळपर्यंत त्याचे डोके उतरले, दुसऱ्या दिवशी त्याने पोटभर जेवण केले, आणि तिसऱ्या दिवशी तेथील डॉक्टरांनी त्याला तपासून सांगितले की आता एकही लक्षण उरलेले नाही, बेताबेताने चढलास तर पुन्हा प्रयत्न करायला हरकत नाही. परंतु त्याच सकाळी आम्ही खिंडीत पेढे खात होतो. तो एकटा वर निघाला नाही, जीप करून बेसीशहरला गेला आणि तेथून पोखऱ्याला जाऊन आमची वाट पाहत राहिला.

परतीच्या गाडीत, गोरखपूर सोडल्यानंतर कधीतरी, तो एवढेच म्हणाला की तुम्ही दोन दिवस थांबला असतात तर मीही आलो असतो. त्यावर आम्ही सुट्टीचे, तिकिटांचे आणि हवामानाचे बोललो. रजा मीच जास्तीत जास्त दोन दिवस वाढवू शकलो असतो, हे मला तेव्हाही ठाऊक होते. हमालाबरोबर कोण जाणार, हे ठरवताना आम्ही चौघे एकमेकांकडे पाहत होतो आणि ‘मी एकटा जाईन, तुम्ही व्हा पुढे’ असे त्यानेच म्हटल्यावर आम्हाला सुटल्यासारखे वाटले होते, हेही लिहून टाकतो.

वाईचे आजोबा

हे आधी लिहायला हवे होते. असो, लिहिलेत हे बरे केलेत. हवामानाचे कारण मात्र पुन्हा पुढे करू नका. २०१४ च्या ऑक्टोबरात विशाखापट्टणमला धडकलेले हुदहुद चक्रीवादळ पुढे नेपाळात शिरले आणि थोरोंग खिंडीत व आसपासच्या डोंगरांत एकाएकी इतका बर्फ पडला की ४० हून अधिक माणसे गेली. हवामानाच्या भीतीने माणूस थांबतो, घाई करीत नाही.

कोयनाकाठचा भटक्या (कऱ्हाड)

सांगलीकरांनी सांगितलेली सोमसूत्री मला फार पटली, आणि योगायोग असा की ती व्यवहारातही सोयीची आहे. मी काली गंडकीची ही वाट दोनदा चाललो आहे, एकदा उतरत आणि एकदा चढत, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

या खोऱ्यातला खरा मालक वारा आहे. धौलागिरी (८,१६७ मीटर) आणि अन्नपूर्णा (८,०९१ मीटर) यांच्या मधल्या अरुंद दरीतून दररोज सकाळी दहा-अकराच्या सुमारास वारा सुटतो आणि तो दक्षिणेकडून उत्तरेकडे, म्हणजे खालून वर, वाहतो. जोमसोमची विमाने सकाळीच ये-जा करतात ती याच कारणाने. मुक्तिनाथहून खाली येणाऱ्याला तो दिवसभर तोंडावर बसतो, दातांत वाळू कचकचते आणि माणूस वाकून चालू लागतो. नयापूलहून वर जाणाऱ्याच्या मात्र तो पाठीशी असतो. तेव्हा तुम्ही पाचही जण नयापूलहून वर निघा. तुम्हां चौघांचीही ही वाट राहिलेलीच आहे, म्हणजे येथे कोणी कोणावर उपकार करीत नाही.

पहिले दोन दिवस उल्लेरीच्या दगडी पायऱ्यांवरून घोरेपाणी (२,८६० मीटर). उल्लेरीपर्यंत हल्ली जीप येते, तिच्याकडे पाहू नका. मार्च-एप्रिलमध्ये गेलात तर या उतारांवर लाली गुरांस फुललेला असेल. नेपाळात बुरांसाला, म्हणजे ऱ्होडोडेंड्रॉनला, याच नावाने ओळखतात. घोरेपाणीहून पहाटे पून हिल चढून यायचे आणि मग तातोपाणीपर्यंत (१,१९० मीटर) उतरायचे. हा उतार सुमारे सतराशे मीटरचा आहे, म्हणजे तुमचे गुडघे ज्यामुळे संपले त्या खिंडीच्या उताराएवढाच. तो दोन दिवसांत करा, मध्ये शिखा गावी थांबा, आणि दोन्ही हातांत काठ्या ठेवा. सातारकरांना चढाचा सराव फार आणि उताराचा कमी, असे माझे जुने मत आहे, कारण अजिंक्यताऱ्यावरून खाली येताना आपण मित्राच्या दुचाकीवर मागे बसतो. उतरण्याचा सराव करायचा असेल तर सॅकमध्ये पाण्याच्या बाटल्या भरून यवतेश्वराचा घाट पायी उतरा, आठवड्यातून दोनदा, महिना-दीड महिना.

तातोपाणीनंतर घासा, कालोपानी, तुकुचे, मार्फा आणि जोमसोम असे चढत जायचे. गाडीरस्ता नदीच्या एका काठाने जातो, त्याची धूळ टाळण्यासाठी पलीकडच्या काठाची पायवाट शोधा. दगडांवर आणि झाडांवर लाल-पांढरे पट्टे रंगवलेले आहेत, ते फेरीच्या मुख्य वाटेचे. तुकुच्याला थोडे रेंगाळा. तिबेटच्या मिठाचा व्यापार एके काळी या गावातून चालत असे, आणि १९५० साली अन्नपूर्णेवर आलेल्या फ्रेंच तुकडीने येथेच तळ ठोकला होता. त्यांच्याजवळचे नकाशे चुकीचे असल्यामुळे डोंगर नेमका कोठून चढायचा हे शोधण्यातच त्यांचे बरेच दिवस गेले, आणि त्या शोधात ते तिलिचो सरोवराच्या बाजूने मनांगपर्यंत जाऊन आले. अखेर ३ जून १९५० रोजी एर्झोग आणि लाशनाल माथ्यावर पोहोचले. आठ हजार मीटरवरचे मानवाने सर केलेले हे पहिले शिखर. मार्फ्याला सफरचंदे खावीत. पुढे कागबेनीला नदीच्या पात्रात काळे गोटे चाळत बसलेली माणसे दिसतील. ती शाळिग्राम शोधत असतात, आणि शाळिग्राम म्हणजे हिमालय वर येण्यापूर्वी येथे जो समुद्र होता त्यातल्या अमोनाइट नावाच्या शंखधारी प्राण्यांचे जीवाश्म.

एकंदरीत मुक्तिनाथपर्यंत नऊ-दहा दिवस धरा. एक दिवस मोकळा ठेवा, आणि या वेळी तो गाळू नका.

भूलतज्ज्ञ, मिरज

वरील आखणी उंचीच्या दृष्टीने बरीच सौम्य आहे. मुक्तिनाथ ३,७०० मीटरच्या आसपास असल्याने जोमसोम किंवा कागबेनी येथे एक जादा रात्र काढावी. ज्याला एकदा त्रास झाला त्याला पुन्हा होण्याची शक्यता अधिक असते, म्हणून निघण्यापूर्वी त्याने आपल्या डॉक्टरांशी ॲसिटाझोलामाइड या उंचीच्या त्रासावरील औषधाविषयी बोलून घ्यावे; सल्फा औषधांची ॲलर्जी असल्यास ते आवर्जून सांगावे. त्याचेच औषधांचे दुकान असले तरी स्वतःच्या मनाने घेऊ नये, एवढे माझ्या वतीने त्याला सांगा.

यवतेश्वरची पायवाट (सातारा)

त्याचे औषधांचे दुकान आहे हे मी येथे कोठेही लिहिलेले नव्हते. डॉक्टरसाहेबांनी आपणच अचूक ओळखले, की मग त्यानेच हे सर्व आधी वाचले आणि त्यांना वेगळा निरोप पाठवला, हे मला ठाऊक नाही. मी काल रात्री दुकान बंद होण्याच्या वेळी त्याच्याकडे गेलो. फ्लेक्स रद्द केल्याचे सांगितले, आणि हमालाबरोबर मी उतरायला हवे होते, हेही सांगितले. तो काही बोलला नाही. शटर अर्धे ओढून त्याने गल्ला मोजला, नोटांना रबर लावले.

मग त्याने विचारले की तातोपाणीला नदीकाठी गरम पाण्याची कुंडे आहेत म्हणतात, ती घोरेपाणी उतरल्यावर लागतात की आधी. उतरल्यावर, असे मी सांगितले. त्याने मागच्या फळीवरून गुडघ्याच्या पट्ट्यांचे खोके खाली काढले, मापे पाहिली आणि पाच जोड बाजूला ठेवले. माझ्या जोडाचे पैसे मात्र त्याने घेतले.